आटलेला कोट

१

आमची बबडी फोन उचलत नाही. शहरात नोकरीला गेल्यापासून तिला आजीशी बोलायला सवड नाही. "आजी, नंतर करते," म्हणते, आणि ते नंतर काही उजाडत नाही. जिला मी अंगाखांद्यावर वाढवली, जिच्या केसांना तिच्या आईलासुद्धा फणी लावू दिली नाही, तिच्या लेखी मी आता गेल्या वर्षाचं कॅलेंडर.

बरं, चुकून उचललाच, तर ऐकायचं काय? लांबडी असं म्हणाली. लांबडीने तसं शिवलं. लांबडीसोबत सिनेमाला गेले. लांबडी म्हणजे हिच्याबरोबर खोलीवर राहणारी पोरगी, ताडासारखी वाढलेली. दोघी नाटकांचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात, एका शिंपी मास्तरांच्या हाताखाली कामाला.

"त्या लांबडीला स्वतःची आजी नाही का गं?" मी एकदा विचारलं. "आमच्या वाटणीचं बोलणंही तीच खाते."

"आजी, तू जळतेस," बबडी हसून म्हणाली.

जळतेस म्हणे. जळायला घरात शेगडी आहे, मला काय गरज?

गेल्या काही फोनांत मात्र सूर पालटला होता. "लांबडीला काय, मास्तरांनी डोक्यावर घेतलंय." "लांबडीचं काय, तिचे हात सोन्याचे, आमचे शेणाचे." हे ऐकून मला, खोटं कशाला बोलू, पोटात गार वाटलं. म्हटलं, उतरतंय भूत. आता पोर कंटाळून घरी येईल. आणि मग फोन पारच बंद झाला. मी पिशवी भरली आणि बसमध्ये बसले.

तिसरा मजला चढून गेले तर दार उघडंच. आत बोळासारखी चिंचोळी वाट, एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला न्हाणीघर, टोकाला तिघींच्या तीन लहान खोल्या, मध्ये कपडे धुवायचं मशीन. मशीनभोवती तिघी उभ्या होत्या, मयताला उभ्या राहाव्यात तशा. लांबडीच्या हातात एक कोट होता. राखाडी लोकरीचा, अस्तर बाहेर आलेला, अजून ओलसर. चिमुकला. शाळेत नुकत्याच घातलेल्या पोराला बसेल एवढा.

"कुणाच्या लेकराचा गं?" मी विचारलं.

बबडीने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. बोलली ती लांबडी.

"माझाच आहे, आजी. आज सकाळपर्यंत मला बसत होता."

२

भानगड अशी होती. एक नाटक मंडळी लांबच्या दौऱ्यावर निघणार होती आणि त्यांना कपडे सांभाळायला कारखान्यातली एक मुलगी हवी होती. एकच. मास्तरांनी सांगितलं, प्रत्येकीने एकेक कोट शिवून आणा, उद्या बघतो आणि नाव सांगतो. बबडीचा कोट तयार होऊन कारखान्यातच लटकत होता. लांबडीची शेवटची तुरपाई राहिली होती म्हणून तिने तिचा घरी आणला, रात्री पुरा केला आणि सकाळी बोळातल्या खुंटीला हँगरवर टांगून कामावर गेली. लोकर टांगून ठेवली की कापड सरळ पडतं, म्हणे. संध्याकाळी येऊन पाहते तर हे.

आणि मशीनमधून तो कोट बाहेर काढला होता तिसरीने. ही तिसरी दातांच्या डॉक्टरकडे दाराशी बसून माणसांना आत सोडते. तिला सगळे विसरभोळी म्हणतात आणि तिलाही ते पटलेलं आहे.

"माझंच चुकलं," ती नाक पुसत म्हणाली. "माझी धुण्याची टोपली खुंटीखालीच होती. कोट घसरून टोपलीत पडला असणार. मी न बघता सगळं मशीनमध्ये कोंबलं. टॉवेलांसाठी पाणी कढत ठेवलं असणार."

"असणार, असणार काय करतेस? आठवत नाही का?"

"मला काय आठवतं, आजी? मी मशीन सुरू केल्याचंही आठवत नाही. पण आले तर धुऊन झालं होतं. म्हणजे केलंच असणार."

बबडी पुढे झाली. शांत, समंजस. "तिने मुद्दाम केलं नाही गं. पण असं किती दिवस चालायचं? मागे गॅस उघडा ठेवून गेली. आज लांबडीचं नशीब धुऊन काढलं. घरमालकीणबाईंशी बोलले मी. त्या म्हणाल्या, उद्या खोली सोडू दे."

विसरभोळीने मान हलवली. ना नातेवाईक, ना ओळखपाळख. या शहरात दुसरं दार नव्हतं तिला. तरी गेली बॅग काढायला.

मला माझ्या नातीचं कौतुक वाटलं. किती जबाबदारीने बोलते. आणि लांबडीकडे पाहून, देवाशपथ, वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. उंच झाडाला वारा लागतोच.

मी हात धुवायला न्हाणीघरात गेले. खिडकीच्या कट्ट्यावर साबणाची शिंपल्याच्या आकाराची बशी, तीत साबण नव्हता, एक निळा खडू होता. कोरडा, अख्खा. बाहेर गॅलरीतल्या दोरीवर कपडे होते. बबडीचे कुठले हे मला कुणी सांगावं लागलं नाही. उलटे केलेले, बटणं गळ्यापासून खालपर्यंत लावलेली. माझा हात लागलेलं धुणं गावभर ओळखतात, तो हात मी या पोरीला दिलाय. शेजारी विसरभोळीचे आधीच्या धुण्यातले कपडे: एक बाही उलटी, एक सुलटी, खिशात पेन फुटून निळा डाग पसरलेला.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती बॅगेत कपडे टाकत होती. घड्या नव्हत्याच, नुसते बोळे.

"खिसे तरी बघत जा गं धुण्याआधी."

"बसचा पास तीनदा धुतला मी," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. "आणि गंमत बघा, ज्या दिवशी मैत्रिणीचा घात केला, त्याच दिवशी माझे मोजे पहिल्यांदा आतूनसुद्धा स्वच्छ निघाले. नाहीतर मी गोळा करून टाकते, गोळाच बाहेर काढते."

मीही हसले. उठून चार पावलं गेले आणि थांबले.

मोजे आपले आपण उलगडतात का?

३

मला एकदम लांबडीचा संशय आला. खरं सांगायचं तर यावासा वाटला. म्हटलं, हिलाच भीती वाटली असेल. कोट जमला नसेल, हरण्यापेक्षा रडणं सोपं, म्हणून स्वतःच बुडवला आणि त्या वेड्या पोरीच्या गळ्यात घातला. असं निघालं असतं तर मला किती सोयीचं होतं.

आधी खाली घरमालकिणीकडे गेले. या बाई म्हणजे नाकाने कांदे सोलणाऱ्या. वरच्या घराची एक किल्ली त्यांच्या कमरेला असते. मला खुर्ची दिली नाही, मीच ओढून घेतली.

"त्या लांबडीचा कोट गेला म्हणे," मी म्हटलं.

"गेला तर गेला. भारी मिजास. मी कापड आणून दिलं, म्हटलं माझाही एक शिवून दे. तर म्हणते, 'सध्या वेळ नाही, काकू.' काकू. माझं वय आहे का काकू म्हणायचं?"

मी त्यांच्या हनुवटीखालच्या घड्या मोजल्या.

"किल्ली तुमच्याकडे असते. आज वर गेला होतात का?"

"मी कशाला जाऊ? गुडघे बघा माझे. दुपारी जरा आडवी झाले होते, तेवढ्यात वरचं ते धूड नाचायला लागलं. ते फिरलं की माझ्या फळीवरची भांडी वाजतात. झोपेचं वाटोळं. उठून बसले आणि मनात म्हटलं, दुपारचं कोण धुतंय?"

"दुपारी? सकाळी नाही?"

"सकाळी मी जागीच असते हो. दुपारीच. जेवणं आटोपल्यावर."

विसरभोळी सकाळीच दवाखान्यात गेली होती आणि संध्याकाळी परतली. म्हणजे तिने नेहमीसारखं केलं होतं: कपडे भरले आणि मशीन सुरू करायलाच विसरली. दुपारी कुणीतरी ते उघडलं, कोट घातला, पाणी कढत केलं आणि कळ दाबली.

निघताना मी बाईंच्या दोरीकडे नजर टाकली. गाऊन सगळे सुलटे वाळत घातलेले, उन्हाने खांदे पांढरे पडलेले, बटणं वाऱ्यावर. त्यांच्या पोटात दुखत होतं यात शंका नाही. पण हे धुणं त्यांचं नव्हतं.



४

लांबडी तिच्या खाटेवर बसली होती, कोट मांडीवर. रडून झालं होतं.

"दे इकडे," मी म्हटलं. "लोकरीचं मला कळतं. ताणून बघते."

"नाही ताणणार, आजी. कढत पाण्याने आटलेली लोकर परत मागे येत नाही."

ते मलाही ठाऊक होतं. पण मला कोट हातात हवा होता. घेतला, सुलटा करायला खालून हात घातला, तर हात पुढे जाईना. पुढची उघडणारी बाजू घट्ट मिटलेली. चाचपून पाहिलं. आतल्या अंगाला एकेक बटण आपापल्या काजात बसलेलं, वरपासून खालपर्यंत. लोकर आटून काजं अशी आवळली होती की नखाने कोरून काढावं लागलं.

"टांगताना बटणं लावली होतीस?"

"नाही हो. काजं ताजी होती. मास्तरांनी सगळ्यांना बजावलंय, उद्यापर्यंत एकही बटण लावायचं नाही, काजाचा तोंडावळा बिघडतो. उघडाच टांगला होता."

"आणि सुलटा?"

"सुलटाच. उलटा कोण टांगेल?"

मशीनमध्ये गरगरून कपडा उलटा होतो, मान्य. पण बटण लावणारं मशीन अजून माझ्या पाहण्यात नाही.

"खिशात काही होतं का?"

तिने आठवून पाहिलं. "माझा खडू. कापडावर खुणा करायचा, निळा. तोही विरघळला असेल."

मी न्हाणीघरातून तो खडू आणून तिच्या तळहातावर ठेवला. ती बघतच राहिली.

"हा इथे कसा?"

मी पुढचं विचारलं. "तू तुझे कपडे मशीनमध्ये टाकतेस?"

"छे. ते कापड खातं. मी बादलीत धुते."

"आज दुपारी कुठे होतीस?"

"कारखान्यातच, मास्तरांसमोर. सगळ्याच होतो. बबडीला तेवढं मास्तरांनी बटणं आणायला बाजारात पाठवलं होतं, तर बिचारीला दुकान बंद मिळालं. एवढी पायपीट करून रिकाम्या हाताने आली."

बिचारी, म्हणाली ती. मनात काही ठेवून म्हणाली नाही. मग हळूच म्हणाली, "आजी, मला न्या म्हणत नाही मी मास्तरांना. आता बबडीच जाईल, ते ठीकच आहे. ती नेहमी म्हणते, आजीने शिकवलंय म्हणून माझं काम नीटनेटकं. तुमच्याबद्दल इतकं बोलते ना. मला तर कधीकधी हेवा वाटतो."

माझ्याबद्दल बोलते. तिच्याशी. आणि मी तिकडे फोनकडे बघत बसलेली.

मी तो कोट घडी घालून काखेत घेतला. लोक म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आता एकच परीक्षा उरली होती, आणि ती करायची माझी इच्छा नव्हती.

५

बबडी तिच्या खोलीत दौऱ्यासाठी काय काय न्यायचं ते काढून ठेवत होती. नाव अजून पुकारलं नव्हतं.

मी अंगातला स्वेटर काढला. बटणांचा, प्रवासाने मळलेला. मुद्दाम उघडा, चुरगळून तिच्या हातात दिला.

"हा मशीनला टाक बाई. बसमध्ये कुणाचा तरी चहा सांडला."

"गार पाण्यात टाकते," ती म्हणाली आणि बोळात आली. मी मागोमाग.

"काय गं, त्या पोरीला हाकललंच पाहिजे का?"

"आजी, तू यात पडू नकोस." बोलता बोलता तिचा हात खिशात गेला. माझा रुमाल आणि चष्म्याची डबी काढली. "मला काय आनंद होतोय का? पण आज कोट, उद्या घर जाळेल." डबी आणि रुमाल तिने हात लांबवून न्हाणीघरातल्या शिंपल्याच्या बशीत ठेवले. "आणि लांबडीचं मला वाईट वाटत नाही का? तिच्या कोटाला मी हातही लावला नाही कधी, इतका जपत होते." स्वेटर उलटा केला. एक बाही, दुसरी बाही. मग वरचं बटण काजात घातलं, त्याखालचं, त्याखालचं. टोपलीत कुणाचा तरी मोज्यांचा गोळा पडला होता, तो उचलून उलगडला, झटकला.

मी काखेतला कोट काढला आणि तिने उलटा केलेल्या स्वेटरशेजारी मशीनवर ठेवला. मोठा आणि धाकटा. दोन्ही उलटे. कोटाची सगळ्यात खालची दोन बटणं मी तशीच लावलेली ठेवली होती.

तिचा हात शेवटच्या बटणावर थांबला.

"बोल की," मी म्हटलं. "थांबलीस का?"

ती बशीतल्या चष्म्याच्या डबीकडे बघत राहिली.

"लहानपणी स्टुलावर उभी राहून माझ्याबरोबर धुवायचीस. आधी खिसे, मग उलटं, मग बटणं. मी शिकवलं. मास्तरांनी बजावलं होतं, ताज्या काजात बटण घालायचं नाही, ते तू विसरलीस. कोट मारायला निघालीस, आणि मारतानासुद्धा नीट धुतलास. त्या वेंधळीचे मोजेही उलगडलेस. आता ती पोर असं नीट कधी धुवेल का? सांग ना."

"मास्तर तिलाच नेणार होते," बबडी म्हणाली. आवाज कुठून तरी खालून आला. "सगळे तिलाच. दुकानदारसुद्धा मला विचारतो, तुमची मैत्रीण नाही आली? मी तिच्याआधी आले त्या कारखान्यात, आजी. मी तिला ही खोली दाखवली. रात्री ती तुरपाई करत होती आणि मी दारातून बघत होते. इतकं सुंदर होतं ते की मला उलटी येईल असं वाटलं. मी फक्त..." तिने डोळे मिटले. "तुझा फोन घेतला असता तर तुला कळलं असतं. आवाजावरून कळतं तुला."

मला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. माझा हात उचललाही गेला, तो मी कमरेवर नेऊन ठेवला. खोलीतून विसरभोळीच्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. अडकली होती, ती पुन्हा पुन्हा ओढत होती.

"मला घरी ने," बबडी म्हणाली. "आत्ता, आजी. आपण सकाळच्या बसने जाऊ. मी कारखाना सोडते, सगळं सोडते. तुला तेच हवं होतं ना?"

तेच हवं होतं. येताना बसमध्ये मी तिच्या खाटेवर कुठली चादर घालायची तेसुद्धा ठरवलं होतं. मी आवाज चढवला नाही, पण बोळात उभ्या उभ्या असं म्हटलं की त्या दोघींच्याही खोल्यांत ऐकू जावं.

"घरी नेणार नाही. घरी आलीस की मी तुझ्यावर पांघरूण घालीन, मला माझी खात्री नाही. इथेच राहायचं. आधी त्या पोरीची बॅग तुझ्या हाताने रिकामी कर, कपड्यांच्या घड्या घालून फळीवर ठेव. मग लांबडीसमोर उभी राहा आणि तोंडाने सांग, चिठ्ठी नाही, रडणं नाही. उद्या मास्तरांना सांग, तिने आधी शिवलेले कपडे आहेतच, ते बघून ठरवा, आणि तुझा कोट खुंटीवरून काढून घे. त्यानंतर या दोघींनी ठेवली तर खाली मान घालून राहा, नाही ठेवली तर दुसरी खोली शोध. मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. आणि बबडे, माझा फोन आला की उचलायचा. पहिल्या घंटीला."